३२ हजारांचं चंदेरी रंगकाम : सोलापुरातल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी २०११ सालची, एमएच-१३ पासिंगची, चंदेरी रंगाची पेट्रोल हॅचबॅक. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नात्यानं माझे थोरले चुलतभाऊ. राहायला जुळे सोलापूर, शाळा अक्कलकोट तालुक्यात. गाडी दिवसभर शाळेच्या मैदानावर उन्हात आणि रात्री घरापुढे उघड्यावर. इंजिन, गिअर, सस्पेन्शन यांत नाव ठेवायला जागा नव्हती, कारण सर्व्हिसिंगच्या बाबतीत दादा कडक. पण २०२४ चा उन्हाळा सरला तोवर गाडीचा टप आणि बॉनेट खरूज झालेल्या जनावरासारखे दिसायला लागले होते. क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे सुटत होते आणि त्याखालचा चंदेरी बेस, म्हणजे खऱ्या रंगाचा थर, पांढुरका पडला होता. डाव्या मागच्या दाराखाली गंजानं पत्रा फुगला होता. पुढच्या डाव्या मडगार्डला एक जुना पोचा होता, पण त्याची सगळ्यांना सवय झाली होती.

जुनी गाडी घेणाऱ्यांना ती बघून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे हे प्रकरण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर घडलं. स्वस्तातल्या रंगकामाबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, पैसे पाण्यात गेले. दुसरं, शोरूमपेक्षा भारी झालं. या गाडीच्या बाबतीत दोन्ही खरी ठरली, एकाच गाडीच्या वेगवेगळ्या भागांवर. कुठला भाग कुठल्या बाजूला गेला, याचा पेंटरच्या हाताशी फारसा संबंध नव्हता. जिथे काटकसर करायची हे आधी बोलून ठरलं होतं, तिथे काम टिकलं. ज्या गोष्टीबद्दल कोणी तोंडच उघडलं नाही, तिथे ते फसलं.

खर्चात किती उतरायचं

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. दादांच्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपणार होती. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. मोटारीसाठी त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झालं होतं आणि पर्यावरण कर वेगळा. दादांना गाडी ती पाच वर्षं वापरायची होती. विकायला काढली असती, तर तिला सव्वा लाखाच्या वर कोणी दिले नसते. विम्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. दादांकडे फक्त थर्ड पार्टी होती, आणि उन्हानं उडालेला रंग ही झीज असल्यामुळे तो सर्वसमावेशक पॉलिसीतही बसत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरनं पॅनलच्या हिशोबानं ७८ हजार सांगितले. होटगी रोडकडच्या, पेंट बूथ असलेल्या एका वर्कशॉपनं ५४ हजार. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका वस्तादानं गाडीभोवती चक्कर मारली, टपावर नख ओढून बघितलं आणि मालासकट २८ हजार म्हणाला.

७८ आणि २८ यांच्यामध्ये नेमकं काय असतं? माल तिन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच लागतो. छोट्या गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला दोन-अडीच लिटर बेस, दोन लिटरच्या आसपास क्लिअर आणि ते घट्ट होण्यासाठी त्यात मिसळायचं हार्डनर, दीड-दोन लिटर सर्फेसर (रंगाखालचं राखाडी अस्तर), दोन-तीन किलो पुट्टी, थिनर, घासायचा पेपर आणि टेप. मालाच्या प्रतीत पाच-सात हजार इकडेतिकडे होतील, पन्नास होणार नाहीत. मोठा फरक असतो तो जागेचा, वेळेचा आणि जबाबदारीचा. बूथमध्ये गाळलेली हवा येते आणि रंग मारल्यावर पत्रा ६० अंशांपर्यंत तापवून अर्ध्या तासात क्लिअर पकवलं जातं. शेडमध्ये ते काम हवेवर सोडलेलं असतं. मोठ्या वर्कशॉपात दिवे, हँडल, आरसे, बीडिंग सगळं उतरवतात. शेडमध्ये कोणी बोललं नाही, तर कागद चिकटवून भागवतात. घासाईला किती तास दिले हे तर काम संपल्यावर दिसतही नाही. म्हणून पहिली कात्री तिथेच लागते.

कंपनीतून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. विजेच्या साहाय्यानं हौदात बुडवून चढवलेला प्राइमर, त्यावर सर्फेसर, मग रंगाचा बेस आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर. सगळे मिळून १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा आठवा हिस्सा. सोलापूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हातली अतिनील किरणं आधी क्लिअरला खातात. क्लिअर फुटलं की बेस उघडा पडतो, आणि त्याला स्वतःचं असं संरक्षण काहीच नसतं. दादांच्या गाडीचे दरवाजे शाबूत होते आणि टप-बॉनेट गेले होते, त्याचं कारण एवढंच की आडव्या पत्र्यावर ऊन सरळ बसतं.

पांढरा करण्याचा विचार

वहिनींचं म्हणणं होतं, एवढं करतोच आहोत तर पांढरी करून टाकू. वस्तादालाही ते आवडलं, आणि त्यामागे कारण होतं. साधा पांढरा मारायला सोपा असतो. चंदेरीत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंग फवारायच्या गनचा दाब, हाताचं अंतर, थिनर किती लवकर उडतं, यावर ते कण कसे निजतात हे ठरतं. आडवे निजले तर रंग समोरून उजळ दिसतो, उभे राहिले तर काळपट. त्यामुळे एकाच डब्यातला चंदेरी दोन पेंटरांच्या हातून दोन वेगळे रंग दाखवतो. समोरून जुळलेली रंगछटा बाजूनं बघितली की फसते.

तरी पांढऱ्याचा विचार सोडून दिला. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो बदलायचा म्हणजे आरटीओची परवानगी आणि नोंद आली, आणि वर्षभरात नूतनीकरणासाठी पुन्हा तिथेच उभं राहायचं होतं. त्याच रंगात गाडी रंगवायला यातलं काही लागत नाही. दुसरी अडचण दारांच्या आतल्या कडांची. बाहेरून पांढरी आणि दार उघडलं की चंदेरी, अशी गाडी बघणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा अपघाताचा संशय येतो. आतल्या कडा रंगवायच्या तर दारं, रबरं, वायरिंग सगळं सोडवावं लागतं, आणि मग २८ हजारांचं काम ४५ वर जातं.

फक्त टप आणि बॉनेट रंगवायचा पर्याय सगळ्यांत स्वस्त होता. पण चंदेरीच्या स्वभावामुळेच तोही बाद झाला. नवा बॉनेट जुन्या मडगार्डांशेजारी वेगळा दिसला असता. बाहेरून पूर्ण चंदेरी, हे ठरलं.

बोलणी

रंगकामाचा सौदा सहसा एका आकड्यावर होतो. इथे तो तसा झाला नाही, याचं श्रेय निम्मं दादांच्या मास्तरकीला आणि निम्मं वस्तादाच्या तोंडाळपणाला. दादा पहिल्या भेटीत कंपनी कुठली, रंग किती वर्षं टिकेल, चमक कशी येईल हेच विचारत होते. वस्ताद म्हणाला, "गुरुजी, तुम्ही रंगाचंच विचारायलाव. घासाईचं विचारा की. रंग काय, चार तासात मारतो मी."

मग घासाईवर बोलणं झालं. टपावरचं जुनं क्लिअर पूर्ण उतरवायचं, कडा नखाला लागणार नाहीत इतक्या मुरवायच्या. असं केलं नाही, तर जुन्या पापुद्र्याची रेघ नव्या रंगातून महिन्याभरात वर येते. बंपर, दिवे, हँडल, काचेखालची बीडिंग उतरवायची. हँडलभोवती टेप लावून मारलेला रंग आधी त्या कडेवरूनच सोलतो. पुढची-मागची काच काढायची नाही, पण रबराच्या ओठाखाली बारीक दोरी सरकवून तो उचलून धरायचा, म्हणजे रंग रबराखाली जाईल. दोरीची युक्ती वस्तादाचीच. ती फुकटात होते आणि बरेच जण तेवढाही कंटाळा करतात.

माल दादांनी स्वतः, बिलानं आणायचा ठरला. रंगछटेचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. तो दुकानात दिला की मशीनवर बेस मिसळून देतात. वस्ताद थोडा कुरकुरला. मालात त्यालाही दोन पैसे सुटतात, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून मजुरी त्यानं १४ वरून साडेसोळावर नेली. क्लिअरमध्ये मात्र दादांनी हात आखडला नाही. जास्त घनांशाचं (थिनर उडाल्यावर जाड थर उरेल असं), नावाजलेल्या कंपनीचं क्लिअर घेतलं. साध्यापेक्षा ते १,८०० रुपयांनी महाग पडलं. मला विचाराल तर सगळ्या व्यवहारात शहाणपणाचे हेच १,८०० होते, कारण ऊन अडवायचं काम शेवटी तोच थर करतो. हार्डनर त्याच कंपनीचं आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. हार्डनर कमी पडलं की क्लिअर मऊ राहतं, जास्त झालं की ठिसूळ होतं. डोळ्यानं अंदाज करून ओतणारे पेंटर दोन्ही प्रकार करतात.

काय सोडायचं तेही तेव्हाच ठरलं. दारांच्या आतल्या कडा आणि बॉनेटची आतली बाजू रंगवायची नाही. खालच्या अर्ध्या दारांवर संत्र्याच्या सालीसारखी जाड पोत राहिली तरी चालेल. बफिंग फक्त टप, बॉनेट आणि डिकीवर. धुळीचे कण उभ्या पत्र्यावर दिसले तर तक्रार नाही.

गंजाचं बोलणं छोटं आणि स्पष्ट झालं. वस्तादानं फुगलेल्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो आरपार गेला. पुट्टी भरून बुजवायचे ५०० रुपये, कापून नवा पत्रा जोडायचे २,५००. गंजावरची पुट्टी एक पावसाळा काढते, फार तर दोन. शिवाय दाराखालची ती पट्टी गाडीच्या ढाच्याचा भाग आहे, तपासणीत तिथे बोट घातलं जाऊ शकतं. दादांनी २,५०० दिले. मजुरी साडेसोळा, माल तेरा, पत्रा अडीच, असे एकूण ३२ हजार. पैसे तीन टप्प्यांत, आणि मधला हप्ता सर्फेसर लागल्यावर गाडी बघून. मधल्या हप्त्याची ही वेळ मी सुचवली होती. सर्फेसरवर गाडी एकरंगी राखाडी दिसते, चमक नसते, त्यामुळे घासाईत केलेली चोरी लपत नाही. चंदेरी चढल्यावर बघून उपयोग नसतो.

शेडमध्ये

काम फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. सोलापुरात रंगकामाला जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकल्यापासून होळीपर्यंतचा काळ बरा. मे महिन्यात थिनर गनमधून पत्र्यावर पोचेपर्यंतच उडतं आणि रंग कोरडा, खरखरीत बसतो. जूनमध्ये वारा आणि धूळ, पुढे दमट हवा. फेब्रुवारीत सकाळ थंड आणि कोरडी असते, दुपारी पारा तिशीच्या थोडा वर.

त्या पट्ट्यात सोलापूरची एक खास अडचण आहे. शेजारी यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात आणि ओल्या क्लिअरवर येऊन बसतात. धुळीचा कण २,००० नंबरच्या पेपरनं निघतो, तंतू मात्र क्लिअरमध्ये आडवा झोपतो आणि रेघ सोडतो. वस्ताद म्हणून बेस आणि क्लिअर शेजारचे माग बंद असतील त्या दिवशी, उजाडता उजाडता मारतो. आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, तीन बाजूंनी हिरवी जाळी सोडायची, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं साठलेलं पाणी काढून टाकायचं. शेडमध्ये त्या दिवशी कोणी डॅशबोर्डला किंवा टायरला पॉलिश लावायचं नाही, हा त्याचा कडक नियम. त्यातलं सिलिकॉन हवेतून पत्र्यावर बसलं की रंग माशाच्या डोळ्यासारखे खड्डे सोडून पळतो. बूथ नसलेल्या माणसानं बूथची कामं अशी वाटून घेतलेली बघून मला कौतुक वाटलं. लाखो रुपयांच्या बूथमध्ये निष्काळजीपणे मारलेल्या गाड्याही माझ्या बघण्यात आहेत.

बॉनेट बिजागरीवरून काढून घोडीवर उभा लावला होता. टप अर्थातच जागेवरच. जुनं क्लिअर ८० आणि १२० नंबरच्या पेपरनं तोडलं, मग २२० आणि ४००. मडगार्डचा पोचा आतून ठोकून पत्रा जमेल तेवढा वर आणला आणि राहिलेल्या खड्ड्यात पुट्टी भरली. मी तिथे कापडात गुंडाळलेलं चुंबक लावून बघितलं, धरत होतं. चुंबक सुटून पडलं असतं, तर पुट्टी दोन-तीन मिलिमीटरांच्या वर गेली असं समजायचं. जोडलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर, मग सगळीकडे सर्फेसरचे दोन हात. तो सुकल्यावर ६०० आणि ८०० च्या वॉटर पेपरनं पाण्यासोबत घासाई. घासून झालं की गाडी धुवायची, वाळवायची. धुण्याच्या पाण्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. शेडला बोअर आहे, नळाला पाणी रोज येत नाही, मग बोअरचंच वापरलं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

बेसचे तीन हात, मधे दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती, शेवटचा हात लांबून आणि हलका, कण सारखे पसरावेत म्हणून. मग क्लिअरचे दोन हात. गाडी त्या दिवशी सावलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर बाहेर काढली. सोलापूरचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी, पण ओलं क्लिअर लगेच उन्हात नेलं तर वरची साय आधी धरते आणि आत अडकलेलं थिनर बुडबुडे फोडत बाहेर पडतं. वस्तादाला हे कुणी शिकवलेलं नाही, बिघडलेल्या गाड्यांनी शिकवलेलं आहे.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी, ती गाडीच्या रंगाबद्दलची नाही. अशा क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रासायनिक पदार्थ असतात. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेले की कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोडासा फवाराही पुरतो. त्यांना ओळखू येईल असा वासही नसतो, म्हणून वास येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शेडमध्ये रुमाल होता. दादांनी दोन कार्ट्रिजवाले मास्क आणून दिले. ते पुरेसं संरक्षण नाही, पण रुमालापेक्षा पुष्कळ बरं. वस्तादानं क्लिअर मारताना एक घातला. हाताखालच्या पोरानं दुसरा गळ्यात अडकवून ठेवला. ७८ आणि २८ मधला एक फरक हाही आहे, तो कुठल्याच कोटेशनवर छापत नाहीत.

गाडी हाती आली तेव्हा दहा पावलांवरून नवी दिसत होती. जवळून बघितलं की दारांच्या खालच्या भागात संत्र्याची साल, मागच्या दारावर दोन-चार कण आणि डिकीच्या कोपऱ्यात क्लिअरचा एक छोटा ओघळ. रंगाची जाडी मायक्रॉन मीटरनं मोजली, तर टपावर १८० ते २१०, दरवाज्यांवर २३० च्या आसपास. दारांवर जास्त, कारण तिथे कंपनीचा रंग खाली तसाच होता. मडगार्डवर पुट्टीच्या जागी अर्थातच बरंच जास्त. सगळं ठरल्याप्रमाणे. बॉनेट आणि मडगार्डची रंगछटा बाजूनं बघूनही जुळली होती. पत्र्याच्या शेडमध्ये चंदेरी मारलेल्या गाडीला हे जमलं, म्हणजे वस्तादाचा हात तयार होता याबद्दल शंका नको.

पावसाळ्यानंतर

पहिली गोष्ट पावसाआधीच लक्षात आली. गाडी वळणावर घेतली की डाव्या मागच्या दारातून पाणी डचमळल्याचा आवाज येई. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. खालून काळा अंडरकोट मारताना ती बुजली होती. तारेनं मोकळी केली. काम पाच मिनिटांचं, पण तसंच राहिलं असतं तर दाराचा पत्राही आतून गंजला असता. रंगकाम झालेल्या कुठल्याही गाडीची ही भोकं आधी बघावीत.

दुसरी गोष्ट बंपरची. एका वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुताना पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावरून तळहाताएवढा रंग उडाला. खाली काळं प्लॅस्टिक स्वच्छ दिसत होतं, म्हणजे रंगानं प्लॅस्टिकला धरलंच नव्हतं. वस्तादाचं म्हणणं, प्रेशरची गन जवळ धरली. दादांचं म्हणणं, मग दाराचा का नाही उडाला? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, पण मुद्दा वेगळा होता. बंपर असतो पॉलिप्रॉपिलिनचा. प्लॅस्टिक उघडं पडलं की त्यावर रंग धरायला वेगळा प्लॅस्टिक प्राइमर लागतो, थोडक्या रुपयांची छोटी बाटली. मालाची यादी वस्तादानं तोंडी सांगितली होती, आणणारे दादा. बाटली यादीत नव्हती. वस्तादानं माल स्वतः आणला असता, तर जबाबदारी सरळ त्याची होती. आता तो म्हणू शकत होता, "तुम्ही आणलं नाही, मी लावलं नाही." तसं तो म्हणालाही. माल मालकानं आणण्याचा हा तोटा मी आधी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. फायदा मात्र सगळे सांगतात. शेवटी तोड निघाली. १,१०० रुपयांचा माल दादांचा, मजुरी शून्य. नव्यानं मारलेला बंपर अजून पक्का आहे.

तिसरी गोष्ट टपाची, आणि तीच खरी. २०२५ चा पावसाळा सोलापूर जिल्ह्यात सवयीपेक्षा फार जोराचा झाला. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. गाडी तशीच उघड्यावर. दसऱ्याच्या सुमारास टपावर मोहरीच्या दाण्याएवढे फोड दिसू लागले. सगळीकडे नव्हते. ओळींमध्ये आणि गोल डागांमध्ये होते, जणू पाण्याचे ओघळ जिथे वाळले तिथेच. एक फोड सुईनं फोडला, तर आत ओल आणि तळाशी राखाडी सर्फेसर. बॉनेटवर एकही नाही, दारांवर एकही नाही.

वस्तादानं आधी मालाला दोष दिला. दादांनी वस्तादाला. माल खराब असता, तर त्याच डब्यातल्या रंगानं रंगवलेल्या बॉनेटनं काय पुण्य केलं होतं? हात खराब असता, तरी हाच प्रश्न. फरक एकच होता. शेवटच्या घासाईनंतर बॉनेट घोडीवर उभा होता, दारं उभी होती, त्यामुळे पाणी निथळून गेलं. टप आडवा होता. त्यावर बोअरचं पाणी थेंबाथेंबानं साचलं आणि उन्हात वाळलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड, क्षारांचं असतं ते ज्याच्या घरी गिझर आहे त्याला सांगायला नको. पाणी उडून जातं, क्षार सर्फेसरवर बसून राहतात, वर रंग चढतो. रंगाचा थर पूर्ण पाणीबंद नसतो. टपावर तासन्‌तास पाणी साचून राहिलं की ओलावा हळूहळू आत झिरपतो, क्षार त्याला धरून ठेवतात, आणखी ओढतात, आणि तेवढ्या जागेपुरता थर उचलला जातो. कोरड्या वर्षी हे दोन-तीन वर्षं दबून राहिलं असतं. त्या पावसानं सात-आठ महिन्यांत उघडं पाडलं.

ही कारणमीमांसा वस्तादानं मुकाट्यानं ऐकली आणि मग म्हणाला की मागच्या वर्षी एका व्हॅनच्या टपावर असंच झालं होतं, तेव्हा त्यानं थिनर बदललं होतं. शेवटची धुलाई गोड्या पाण्यानं करून स्वच्छ कापडानं लगेच पुसून घ्यायची, एवढाच यावर इलाज आहे. एका टपाला वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा एक जार पुरतो. तो ३०-४० रुपयांना शेडच्या दारात येतो, कामावरची पोरं त्यातलंच पाणी पितात. ३२ हजारांच्या हिशोबात ही रक्कम कोणाच्याही खिशाला जड नव्हती. वस्तादानं ती वाचवली असंही नाही, कारण तिचा विचारच झाला नव्हता. मला म्हणूनच इथे फसवणूक दिसत नाही. दारांवरची संत्र्याची साल दादांना आजही खुपत नाही, कारण ती त्यांनी स्वतः कबूल केली होती. टपावरचे फोड मात्र येताजाता दिसतात.

आता काय करायचं यावर बराच खल झाला. फोडाफोडांवर डाग मारण्यात अर्थ नाही, चंदेरीत ते लपणार नाहीत आणि क्षार खाली तसेच राहतील. टप पूर्ण सर्फेसरपर्यंत उतरवून पुन्हा करावा लागणार. टप बाकीच्या पत्र्यापासून कडेच्या खाचांनी वेगळा पडतो आणि डोळ्यांच्या रेषेत येत नाही, त्यामुळे रंगछटेत उन्नीस-बीस फरक आला तरी चालण्यासारखा आहे. वस्ताद निम्म्या मजुरीत करायला तयार आहे. आधी फुकट म्हणाला होता, मग बंपरची आठवण काढून निम्म्यावर आला. दादांनी ताणलं नाही. काम गड्डा उरकल्यावर, नूतनीकरणाच्या तपासणीआधी करायचं ठरलं आहे. बेस थोडा उरलेला आहे, तो चालेल. उघडलेला हार्डनरचा डबा मात्र हवेतला ओलावा पिऊन बाद झालेला असतो, तो नवीन आणावा लागेल. या वेळी मालाची यादी वस्ताद कागदावर लिहून देणार आहे आणि पाण्याचा जार त्यात आहे.